चार चमचे रक्त, एक मिलिग्रॅम औषध

अडीच किलोच्या नवजात बाळाच्या अंगात सगळे मिळून जेमतेम २०० मिलिलिटर रक्त असते. किलोमागे ८० ते ८५ मिलिलिटर असा तो हिशेब आहे. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असते, त्यामुळे त्याचे अर्धा पेला रक्त सांडले तर तो घाबरतो, पण सावरतो. बाळाचे तेवढे गेले तर त्याचा जीव जातो. औषधाच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावतात. असे चार चमचे रक्त उलटीतून किंवा शीवाटे गेले की बाळाच्या अंगातल्या रक्ताचा दहावा हिस्सा संपला. आठ-दहा चमचे गेले की त्याचे हातपाय गार पडू लागतात. लंगोटावरचा तळहाताएवढा डाग पाहून घरातले ‘थोडंसंच तर आहे’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मोठ्या माणसाचे माप असते. त्यात पोटातल्या रक्तस्रावाची खोड अशी, की बाहेर दिसते त्याहून जास्त रक्त आतड्यात साठलेले असू शकते. आधीच काळसर असलेल्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या शीत ते मिसळले तर अनुभवी डोळ्यालाही चटकन ओळखू येत नाही.

मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावाला हा हिशेब मोठ्या शहरापेक्षा कडक लागू होतो. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, बाळंतपणे होतात. पण आजारी नवजातांसाठीचा विशेष कक्ष ही आपल्याकडे जिल्हा पातळीवरची सोय. त्यासाठी वाशीम गाठायचे, आणि बाळाच्या आतड्यावर शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर अकोला किंवा त्याहून पुढे नागपूर. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातल्या शेलूबाजारवरून जातो हे खरे. मात्र बाळाची वेळ महामार्गाच्या नाक्यावर सुरू होत नाही, ती वस्तीवरच्या किंवा तांड्यावरच्या घरात सुरू होते, आणि तिथून पक्क्या रस्त्याला लागेपर्यंतच निम्मी संपलेली असते. म्हणून माझे म्हणणे असे, की नवजाताच्या पोटातल्या गंभीर रक्तस्रावाचा इलाज अशा तालुक्यात दोन वेळांवर अवलंबून आहे. जन्मानंतरचा पहिला दिवस, आणि रक्त दिसल्यानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास. त्यानंतर जे होते ते मोठ्या दवाखान्याच्या हातात असते, पण या दोन वेळा गावाच्या हातात आहेत. त्यांतली पहिली सांभाळायला लागते ते एक मिलिग्रॅमचे इंजेक्शन.

हे औषध म्हणजे जीवनसत्त्व ‘के’. रक्त गोठवणारी काही प्रथिने यकृतात तयार होतात, पण त्यांच्यावरचा शेवटचा हात जीवनसत्त्व ‘के’ फिरवते. ते नसेल तर प्रथिने तयार होतात, पण कामाची नसतात. बांधावर माती टाकली आणि ती चोपलीच नाही, तर पहिल्या पाण्याला बांध वाहून जातो, तसे. बाळ जन्माला येते तेव्हा त्याच्याजवळ या जीवनसत्त्वाचा साठा नावापुरता असतो, कारण आईच्या रक्तातून वारेवाटे ते फारच थोडे पलीकडे जाते. आतड्यात ते बनवणारे जिवाणू अजून वसलेले नसतात. बोस्टनच्या चार्ल्स टाउन्सेंड यांनी १८९४ मध्ये पन्नास नवजातांच्या अशा रक्तस्रावाचे वर्णन केले, तेव्हा त्याचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम कोंबडीच्या पिलांना स्निग्धांश काढलेला आहार देत होते आणि त्या पिलांच्या कातडीखाली रक्त साकळू लागले. ही गोष्ट १९२९ ची. १९३५ मध्ये त्यांनी त्या अज्ञात द्रव्याला ‘के’ हे अक्षर दिले, ‘कोआग्युलेशन’ म्हणजे गोठणे या शब्दावरून. १९४३ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि एडवर्ड डॉइझी यांना मिळाले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६१ मध्ये प्रत्येक नवजाताला हे जीवनसत्त्व द्यावे अशी शिफारस केली. आपल्याकडे मोठ्या दवाखान्यांत ते आधीपासून दिले जात असे, परंतु उपकेंद्रापर्यंतच्या प्रत्येक सरकारी प्रसूतिस्थानी द्यावे अशा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सविस्तर सूचना २०१४ मध्ये आल्या. मात्रा साधी आहे: बाळाच्या मांडीत एक मिलिग्रॅम, आणि बाळ एक किलोपेक्षाही हलके असेल तर अर्धा. ते देण्यासाठी डॉक्टरच हवा असे नाही, एएनएम ताई देऊ शकतात.

हे इंजेक्शन न दिल्यास काय होते, याचे आकडे उपलब्ध आहेत. पहिल्या आठवड्यात होणारा रक्तस्राव शेकडा पाव ते पावणेदोन बाळांत आढळतो, आणि त्यातला बराचसा पोटातून होतो. दुसरा प्रकार दबा धरून बसतो. दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत, कधी सहा महिन्यांपर्यंत, अंगावर पिणाऱ्या आणि वरवर ठणठणीत दिसणाऱ्या बाळाला तो गाठतो. लाखात चार ते सात असे त्याचे प्रमाण आहे, पण त्यातल्या निम्म्याहून अधिक बाळांच्या मेंदूत रक्त साकळते. हे प्रमाण आपल्या जिल्ह्याला लावून पाहावे. २०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार होती. राज्याचा २०२० चा जन्मदर हजारी १५ होता. तो धरला तर जिल्ह्यात वर्षाला अठरा हजारांच्या आसपास बाळे जन्मतात, आणि जिल्ह्याचे तालुके सहा, म्हणजे तालुक्यामागे सरासरी तीन हजार. एकाही बाळाला इंजेक्शन मिळाले नाही असे समजले, तर एका तालुक्यात वर्षाला साधारण आठ ते पन्नास बाळांना पहिल्याच आठवड्यात रक्तस्राव होईल. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे, आणि यातला प्रत्येक रक्तस्राव जीवघेणा असेल असेही नाही. तरी ज्या गोष्टीला आपण ‘लाखात एखादे’ म्हणून सोडून देतो, ती मुळात किती नेहमीची होती आणि इंजेक्शनामुळेच किती दुर्मिळ झाली, ते या हिशेबातून कळते. दुर्मिळ झाली म्हणूनच तिची भीती विसरली गेली आहे.

घरोघरी निघणारा पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. आईचे दूध हे पूर्णान्न असे आशाताईंपासून डॉक्टरांपर्यंत सगळे सांगतात, मग त्यात हेच एक कमी कसे? की आईने मेथी, अंबाडी, शेवग्याचा पाला भरपूर खाल्ला तर भागणार नाही? पालेभाज्यांत जीवनसत्त्व ‘के’ भरपूर असते, आणि आपल्याकडे सोयाबीनच्या तेलातही असते. अडचण आईच्या ताटाची नाही. तिच्या रक्तात पुरेसे असले तरी वार ते अडवून धरते, आणि दुधाच्या एका लिटरमध्ये ते एक ते चार मायक्रोग्रॅमच उतरते. डब्याच्या दुधात ते वरून मिसळलेले असते, म्हणून तिथे हा आकडा मोठा दिसतो. यावरून कोणी ‘मग डब्याचेच दूध पाजू’ असा निष्कर्ष काढला तर तो घातक ठरेल. कमी दिवसांच्या बाळांत आतडे सुजून सडण्याचा एक भयंकर आजार होतो, त्यातही शीतून रक्त जाते, आणि त्यापासून बाळाचे सर्वांत चांगले रक्षण आईचेच दूध करते. दूध द्यायचे आणि इंजेक्शनही द्यायचे, असा हा सरळ मार्ग आहे. बाळाच्या पहिल्या दिवसांत घुटी, मध किंवा ग्राइप वॉटर घालून ‘ताकद’ देण्याच्या समजुतीला मात्र इथे काहीच आधार नाही. त्यांतून हे जीवनसत्त्व मिळत नाही, जंतू मात्र जाऊ शकतात.

दुसरा आक्षेप मोबाइलवरून येतो: या इंजेक्शनाने रक्ताचा कर्करोग होतो म्हणतात. ही शंका हवेतून आलेली नाही. १९९२ मध्ये ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांनी असा संबंध दिसतो असे छापले होते आणि त्याने खळबळ उडाली होती. पण लगेच पुढच्या वर्षी स्वीडनमधल्या तेरा लाखांहून अधिक बाळांच्या नोंदी तपासल्या गेल्या, अमेरिकेतही स्वतंत्र अभ्यास झाला, आणि तो संबंध सापडला नाही. नंतरच्या अभ्यासांनीही तेच सांगितले. शंका घेणे चूक नव्हते. तिचे उत्तर मिळाल्यावरही ती फिरत राहिली, हे वाईट झाले. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात काही महिन्यांत चार बाळे उशिरा होणाऱ्या रक्तस्रावाने दवाखान्यात आली. चौघांच्याही पालकांनी जन्माच्या वेळी इंजेक्शन नाकारले होते, आणि नकाराच्या कारणांत कर्करोगाची भीती होती. पैसा, रस्ते, अतिदक्षता विभाग यांपैकी कशाचीही वाण नसलेल्या शहरात हे घडले. जिथे या तिन्हींची ओढाताण आहे, तिथे हा धोका पत्करण्याला मला काही अर्थ दिसत नाही.

सुई टोचण्यापेक्षा थेंब पाजले तर चालणार नाही का, हा तिसरा प्रश्न. युरोपातल्या काही देशांनी थेंबांची वाट धरून पाहिली. नेदरलँड्समध्ये अंगावर पिणाऱ्या बाळांना रोज २५ मायक्रोग्रॅम देत असत. ज्यांच्या पित्तनलिका जन्मतःच बंद होत्या अशा बाळांना तेवढे पुरले नाही, कारण पित्त नसेल तर आतडे हे जीवनसत्त्व नीट शोषत नाही. २०११ मध्ये ती मात्रा १५० वर न्यावी लागली. म्हणजे ज्या बाळाला सर्वांत जास्त धोका, नेमके तेच थेंबांच्या हातून निसटते. शिवाय थेंब आठवडे-महिने न चुकवता पाजायचे असतात. आपल्याकडे दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्या भेटी मोलाच्या आहेत, पण रोजचा थेंब त्यांवर टांगून ठेवता येणार नाही. मांडीतले इंजेक्शन एकदा दिले की महिनोन्‌महिने पुरते. आणि साधी माणसे सुई नीट देऊ शकतील का, या शंकेला उत्तर विदर्भातूनच मिळालेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजातांची घरी काळजी घ्यायला शिकवले. त्यांच्या कामांत जन्मानंतर जीवनसत्त्व ‘के’ टोचण्याचेही काम होते. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निकाल आले, तेव्हा तिसऱ्या वर्षात त्या गावांतले नवजातांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झालेले होते. हे यश एका इंजेक्शनाचे नव्हे. त्यात जंतुसंसर्गावरचे उपचार, ऊब आणि स्तनपान यांचा वाटा मोठा आहे. पण गावातल्या बाईच्या हाताला हे काम झेपते, एवढे त्यातून ठरले.

सर्वांत वजनदार आक्षेप डॉक्टरांकडून येतो. पोटातून रक्त येण्याचे कारण नेहमी जीवनसत्त्व ‘के’ची कमतरताच असते असे नाही, मग सगळा भर एका इंजेक्शनावर का? हे बरोबर आहे. कधी ते रक्त बाळाचे नसतेच. बाळंतपणात गिळलेले किंवा आईच्या चिरलेल्या स्तनाग्रातून दुधाबरोबर आलेले रक्त बाळ उलटून टाकते आणि घर हादरते. हे ओळखायला १९५५ पासून एक साधी चाचणी आहे, अ‍ॅप्ट यांच्या नावाची. ताजे लाल रक्त पाण्यात कालवायचे, गाळून त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे सौम्य द्रावण टाकायचे. बाळाच्या रक्ताचा रंग गुलाबी टिकतो, मोठ्या माणसाच्या रक्ताचा पिवळट-तपकिरी होतो. लहानशा प्रयोगशाळेतही काही मिनिटांत होते. गुदद्वाराशी पडलेल्या बारीक चिरेतूनही लाल रेघ येते, ती बहुधा आपोआप भरते. दुसऱ्या टोकाला जंतुदोष, श्वास कोंडून जन्मलेल्या बाळाच्या जठराला पडलेले चट्टे, कमी दिवसांच्या बाळाचे सडणारे आतडे, आणि सर्वांत घाईचे म्हणजे आतड्याला पडलेला पीळ. पीळ असेल तर बाळ हिरवी उलटी करते. नवजाताची हिरवी उलटी दिसली की रक्ताची वाटही पाहू नये, शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा ठिकाणी निघावे. काही तासांत सगळे आतडे काळे पडते. पण ही यादी लांबली म्हणून पहिला मुद्दा खोडला जात नाही. यांतले कोणते कारण आहे हे मंगरूळपीरला ठरवता येईलच असे नाही. बाळाला जन्मतः इंजेक्शन मिळाले आहे हे ठाऊक असेल, तर मात्र एक मोठे कारण बरेच मागे पडते आणि डॉक्टर पुढच्या कारणाकडे वळतात. मिळाले की नाही हे माहीतच नसेल, तर ते तेव्हाच द्यायचे. त्याने नुकसान नाही.

आता रक्त दिसल्यानंतरचा तो अर्धा-पाऊण तास. इथे मोठी यंत्रे लागत नाहीत, क्रम लागतो. बाळाचे अंग कोरडे आणि उबदार ठेवणे सर्वांत आधी, कारण थंड पडलेल्या बाळाचे रक्त आणखी कमी गोठते. मोठ्या माणसांच्या पोटात थंड पाणी सोडून रक्त थांबवण्याची जुनी रीत होती, ती नवजाताला लावणे धोक्याचे आहे. मग बाळाची अवस्था पाहायची. नवजाताचा रक्तदाब शेवटपर्यंत टिकून राहतो आणि एकदम कोसळतो, म्हणून त्याच्या आकड्यावर विसंबू नये. छातीवर बोटाने पाच सेकंद दाबून सोडावे. फिकट पडलेली जागा परत लाल व्हायला तीन सेकंदांहून जास्त लागले, ठोके १८० च्या वर धावू लागले, पाय गार लागले, तर रक्त बरेच गेले आहे असे समजावे. शीर मिळाली की किलोमागे दहा मिलिलिटर सलाइन द्यायचे. हाताची शीर सापडली नाही तर नाळेतली शीर पहिल्या आठवड्यात हाताशी असते. जीवनसत्त्व ‘के’ एक मिलिग्रॅम शिरेतून सावकाश द्यायचे. रक्त गोठत नसताना मांडीच्या स्नायूत सुई खुपसली तर तिथेच रक्त साकळते, म्हणून आता पहिल्या दिवसाची मांडी चालत नाही. दूध तेवढ्यापुरते थांबवायचे, पण साखर उतरू नये म्हणून शिरेतून ग्लुकोज चालू ठेवायचे. जठरात नळी सोडून काय येते ते पाहायचे, आणि जंतुदोषाची शंका असेल तर प्रतिजैविकाची पहिली मात्रा इथेच द्यायची. रक्तस्रावाचे कारण जीवनसत्त्वाची कमतरताच असेल तर ‘के’च्या मात्रेनंतर काही तासांत रक्त गोठू लागते. एवढा नाट्यमय गुण देणारी औषधे नवजातांच्या वैद्यकात फार थोडी आहेत.

पण ते काही तास काढायला रक्त लागते, आणि तिथे फोन कामाला येतो. बाळाला लागतात किलोमागे दहा ते पंधरा मिलिलिटर लाल पेशी, म्हणजे अडीच किलोला पंचवीस ते साडेसदतीस मिलिलिटर. साडेतीनशेच्या पिशवीतला हा फार तर दहाव्या हिश्शाच्या आसपासचा भाग आहे. गोठवणारी प्रथिने तातडीने हवी असतील तर गोठवून ठेवलेला प्लाझ्मा द्यावा लागतो, आणि तो वितळवायलाच अर्धा तास जातो. मंगरूळपीरहून गाडी निघण्याआधी पुढच्या दवाखान्याला फोन गेला, तर प्लाझ्माची वितळवणी बाळ वाटेत असतानाच सुरू होते, आणि आईचा रक्तनमुना बाळाबरोबर पाठवला, तर रक्तगटाची जुळवणी पोचताच सुरू होते. गावात कितीही मोठा कक्ष उभारला तरी हा फोन वाचवतो तेवढी मिनिटे तो वाचवेलच असे नाही. गावात कक्ष नकोच असे मी म्हणत नाही. पण तो दिवसरात्र चालवायला शिकलेल्या परिचारिका लागतात, आणि महिन्याला चार-दोन अशी बाळे येणाऱ्या ठिकाणी त्यांचा हात बसत नाही. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात आजारी नवजाताचे उपचार, रक्त, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे, १०२ आणि १०८ च्या गाड्या आहेत. पैशांची जुळवाजुळव करण्यात कोणी तासभर घालवू नये, म्हणून हे गरोदरपणातच घरातल्या मोठ्यांच्या कानावर घालायला हवे. सासूच्या आणि नवऱ्याच्या कानावर विशेष करून, कारण निघायचे की नाही हे बहुधा तेच ठरवतात.

या साखळीतली कमजोर कडी माझ्या मते औषधापेक्षा कागदाची आहे. राज्यात ९५ टक्क्यांच्या जवळपास बाळंतपणे आता दवाखान्यात होतात, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. म्हणजे इंजेक्शन देण्याची संधी जवळजवळ प्रत्येक बाळाच्या बाबतीत असते. पण पहिले बाळंतपण माहेरी, पुढचे सव्वा-दीड महिने माहेरी, मग सासरी, असा आपला रिवाज. बाळ दुसऱ्या महिन्यात दुसऱ्याच तालुक्यात असते आणि ‘सगळ्या सुया झाल्या’ एवढेच घरच्यांना सांगता येते. बीसीजी आणि काविळीची लस यांच्या गर्दीत ‘के’ची सुई झाली की नाही, हे तोंडी सांगण्यावर ठरत नाही. सुटीच्या कागदावर आणि माता-बाल संरक्षण कार्डावर तारीख-वेळ घालून ते लिहिलेले असावे, आणि आशाताईंनी तिसऱ्या दिवसाच्या भेटीत ते वाचून पाहावे. गरोदरपणात आई फिट्सच्या किंवा क्षयाच्या गोळ्या घेत असेल तर तेही तिथेच ठळक असावे. फिट्सवरची काही औषधे आणि क्षयावरचे रिफाम्पिसिन यांच्यामुळे बाळाला पहिल्या चोवीस तासांतच रक्तस्राव होऊ शकतो. दोन आठवड्यांनंतरही कावीळ उतरत नसेल आणि शी पांढुरकी होत असेल, तर पित्तनलिकांची तपासणी करायची घाई करावी. नाकातून आलेला थेंब, बेंबीतून पुन्हा ओघळलेले रक्त, अंगावरचा कारण नसलेला निळा डाग, हे उशिराच्या मोठ्या रक्तस्रावाचे आधीचे इशारे असू शकतात. त्यांवर हळद दाबून वाट पाहत बसू नये.

आणि रक्त लागलेला लंगोट. घरातली पहिली ओढ तो धुवायला टाकण्याची असते, कारण रक्ताचा कपडा घरात तसा ठेवत नाहीत. तो धुऊ नये. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, किती वाजता दिसला ते कागदावर लिहून, बाळाबरोबर गाडीत द्यावा. रक्त बाळाचे की आईचे, हे त्या ताज्या लाल डागावरून ठरते. डाग सुकून काळा झाला की त्या चाचणीला काही सांगता येत नाही.